उतारावर

व्हॅनच्या अंगावर अजून पुसट वाचता येतं
जुन्या मालकाचं नाव : प्रिचर्ड आणि मुली, फुलं घरपोच.
आत फुलांच्या जागी मी,
एक गादी, एक बर्नर, सहा डबे,
आणि हॉस्पिटलचा गणवेश,
ज्याला इस्त्री मी झोपेतच करते, गादीखाली घालून.

ब्रिस्टलमध्ये खोलीचं भाडं साडेआठशे पौंड.
खोली म्हणजे भिंतीकडे बघणारी खिडकी
आणि फ्रिजमधल्या आपल्या दुधावर आपलं नाव.
चौदा महिने मी ते भरलेलं नाही.
वहीत मांडलंय सगळं : डिझेल,
जिमची वर्गणी, जिथे मी फक्त आंघोळीला जाते
आणि तिथला पोरगा म्हणतो, तुमची चिकाटी बघावी,
दोनदा दंड. वजा जाता नऊ हजार सातशे.
आकडा देखणा आहे. पहाटे काच पुसताना
मी तो पुटपुटते. काच आतून पुसायची असते,
रात्रभर माझाच श्वास
माझ्यावर ठिबकत असतो.

शेजारी ग्विलिम. घोडे न्यायच्या गाडीत राहतो, अकरा वर्षं.
दमट हवेत अजून घोडा येतो म्हणतो, नुसता वासाचा,
आणि थोडा सरकून जागा मागतो.
त्यानंच शिकवलं : एका गल्लीत तीन रात्रींच्या वर नको.
पडदा काळा. चहा मंद आचेवर.
समोरची कुत्रावाली बाई दिसली
की आधी आपण गुड मॉर्निंग म्हणायचं.
चोर आधी बोलत नाहीत, अशी लोकांची समजूत.

आईला सांगितलंय, खोली लहान आहे.
खोटं नाही ते.
रविवारी व्हिडिओवर मी पडद्यापुढे बसते,
निळ्या नक्षीचा, भिंतीसारखा ताणून बसवलेला.
ती म्हणते, स्वयंपाकघर दाखव की एकदा.
मी म्हणते, घरमालकीण झोपलीय.
चौदा महिने झोपलीय ती बाई.

परवा बोलता बोलता टकटक झाली.
काउन्सिलचा माणूस, हातात नोटीस, मला बघून जरा ओशाळलेला.
मी फोन गादीवर पालथा घातला होता
आणि दार सरकवलं होतं.
घर्रर्र, आणि शेवटी तो ठोका.

बाबांची मॅटॅडोर होती इचलकरंजीत,
सुताची पोती वाहायची.
वीस वर्षं रात्री-अपरात्री ते आले
की आईला आधी ते दार ऐकू यायचं,
मग खोकला, मग चपला.

फोन उचलला तेव्हा ती गप्प होती.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
मी शब्द जुळवत होते.
ती म्हणाली,
"उतारावर आहेस का गं?"

हो म्हटलं.

"मग नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नको.
चाकाला दगड लाव."
आणि आवाज खाली घेऊन,
बाबा बाहेरच्या खोलीत असणार,
"पुढच्या नको. मागच्या."

रात्री अकराला टॉर्च घेऊन निघाले.
या शहरात सुटा दगड सापडत नाही, बघा,
जो तो कशात ना कशात बसवलेला.
दोन गल्ल्या हिंडले. शेवटी एका घरापुढच्या
राडारोड्याच्या पेटीत अर्धी वीट मिळाली.
त्यांचं स्वयंपाकघर मोठं करताहेत, मधली भिंत पाडून.
विटेला एका अंगाला पिवळा रंग,
कुणी कधी हौसेनं दिलेला.

नोटिशीत गुरुवार सकाळपर्यंतची मुदत आहे.
तरी वीट चाकाखाली सारली, टाचेनं घट्ट बसवली.
ग्विलिमनं खिडकी खाली करून विचारलं,
एवढ्या रात्री काय चाललंय?

म्हटलं, आई येऊन गेली.