एकास बारा

सात पायऱ्या.
प्रत्येकी चौदा सेंटीमीटर.
म्हणजे नोंदणी कचेरीच्या दारात
जमिनीपासून अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर वर
बसलेलं असतं सरकार.

मी उतार मोजतो. कुताइसी नगरपालिका, तिसरा मजला.
नाव वाझा, पण ते कुणी विचारत नाही,
सही कुठे करायची एवढंच दाखवतात.
कायदा म्हणतो, एकास बारा:
वीतभर चढायचं तर बारा विती चालायचं,
घाई न करता, हाताला कठडा, मध्ये टेकायला जागा.
या दाराला म्हणजे बारा मीटर लागतात, थोडे कमी.
आम्ही दिले अडीच.
पायऱ्यांवरच टाकलेल्या दोन लोखंडी पन्हाळी,
हिरवा रंग, तोही एकच हात.
फॉर्मवर प्रश्न होता: उतारमार्ग आहे का?
मी लिहिलं, आहे.
खोटं नव्हतं ते.
कड्यालाही उतार असतोच की.

नोव्हेंबरात त्सिरा आली,
चाकांच्या खुर्चीत, मांडीवर अकरा दिवसांचं गाठोडं.
बाळाचं नाव लावायचं होतं.
पन्हाळींकडे तिनं बराच वेळ पाहिलं,
मग पिशवीतून संत्रं काढून
रस्त्यावरच्या एका पोराच्या हातात दिलं:
वर जा, आणि सोड.

ते आलं.
पहिल्या पायरीपाशी उडालं, फुटपाथ ओलांडला,
टॅक्सीखाली जाऊन थांबलं.
पोरगं हसलं. ती नाही.
मी समोरच होतो, पाव घ्यायला आलेलो.

कारकून बाई धावत खाली आली,
रजिस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी, भुरभुर होती म्हणून.
इथंच लिहून घेते ना, पाऊस वाढायच्या आत.
त्सिरा म्हणाली,
बाकीचे आपल्या लेकरांची नावं छपराखाली सांगतात.

मग भट्टीवरचे चौघे आले, कोपरांपर्यंत पीठ.
भली माणसं, मी ओळखतो.
आम्ही उचलतो, ताई, फुलासारखं नेतो.
ती म्हणाली,
चार खांदे माणसाला एकदाच लागतात.
त्या दिवशी मी गप्प असेन.
आज नाही.

कुणीच काही बोललं नाही.
एकाचं पीठ पावसात भिजून
हातावर कणीक झालं होतं, तो ते खरवडत राहिला.

रात्री मला झोप नाही.
दया वाईट नसते, मी स्वतःशी म्हणालो,
पण भट्टी सोमवारी बंद असते.
आणि उचलून नेलेल्यानं
दरवेळी आभार मानायचे असतात.
पायऱ्यांचे आभार मानताना
मी आजवर कुणाला पाहिलं नाही.

सकाळी जुना फॉर्म काढला.
माझंच अक्षर, माझीच सही, खाली गोल शिक्का.
'आहे' वर रेघ मारली.
'नाही' लिहायला पेन दोनदा अडलं.
नऊ वर्षांत लिहिलेला
माझा एकुलता एक सरळ शब्द.

मग टेप आणि खडू घेऊन गेलो,
उंबऱ्यापासून मोजत आलो,
झाडाशी वळलो,
अकरा मीटर शहात्तर.
रेघ संपली ती बरोबर
संचालकांच्या काळ्या गाडीखाली.

तेव्हा कळलं, जागा नव्हती असं नाही.
जागेवर कुणीतरी उभं होतं.

अर्ज वर गेला आहे.
(अर्ज वर जातात, त्यांना चाकं नसतात.)
पाऊस रेघ पुसतो, मी दर सोमवारी ती परत ओढतो.
त्सिरा येते, खाली थांबते,
वर पाहत नाही, माझ्या खडूकडे पाहते.
बाळ आता मान धरतं.
नाव तिला ठाऊक आहे, मलाही सांगत नाही.
ते वर सांगायचं आहे.