मंगळवार

पाच-दहाला जाग आलीच.
अंबडचा भोंगा आज माझ्यासाठी नाही
हे गुडघ्यांना कळवायचं राहून गेलंय.

बोरस्ते हसला होता : आठवड्याचे तीनच दिवस?
पगार निम्मा, अन् लोक विचारतील ते वेगळंच.
हिशेब मी पीएफच्या पावतीमागे मांडलेला :
गाडी विकायची, सिडकोतल्या दोन खोल्या पुरे,
अठ्ठावन्नपर्यंतची तेरा वर्षं
सगळीच्या सगळी
बेअरिंग मोजण्यात घालवायची नाहीत.

आज सोमेश्वरला गेलो.
धबधबा बघायला नव्हे,
पायरीवर नुसतं बसायला.
शेजारचे आजोबा शेंगा सोलत म्हणाले,
सुट्टी वाटतं?
तोंडात ‘हो’ आलं होतं.
गिळलं.

म्हटलं, नाही.
मंगळवार.