सारमानसला पोहोचण्याआधी

उस्त्याच्या पुलाखाली पुरसो गावसनं
आमची हेल्मेटं तपासली, पट्ट्यांत दोन बोटं घालून,
शाळेत नखं तपासतात तशी.
सहा जणांत मी एकटीच साठीची,
म्हापशाच्या पतपेढीतून नुकती सुटलेली.
"पोहता येतं?"
"खाडीत यायचं," मी म्हटलं.
ते त्यानं वहीत लिहिलं नाही.

पहिला दिवस म्हादई त्याचीच होती.
खडकाखडकाला नाव: दोन भाव, आडवा रेडा, म्हातारी.
एकाचं नाव मात्र त्यानं सांगितलं नाही,
तिथं आम्ही बोलत नाही, एवढंच म्हणाला.
"फॉरवर्ड!" की वल्ही मारायची,
"आत!" की तळाला चिकटायचं
रबराच्या वासात, एकमेकांच्या गुडघ्यांत.
आडव्या रेड्यानं मला उचलून फेकलं.
पाणी नाकातून थेट कपाळात.
वर आले तेव्हा माझ्या जॅकेटची पट्टी त्याच्या मुठीत होती
आणि तो भलत्याच कुणाला तरी सांगत होता
डावीकडून घ्या म्हणून.

रात्री वाळूवर सोलांची कढी, भात, घोट्याला एक जळू.
नदी दगडांवर सुटे पैसे मोजत राहिली,
पहाटेपर्यंत हिशेब लागला नाही.

दुसऱ्या दिवशी कुळागरं, पंपांचे पाईप,
कपडे धुणाऱ्या बायका, हात न हलवणाऱ्या.
गांज्याच्या बंधाऱ्याला तराफा डोक्यावर घेतला,
बारा पायांचं एक कासव.

तिसऱ्या दिवशी दुपारी
पाणी जाड झालं. काठ चिखलाचे.
पुरसो गप्प.
ऑफिसनं यंदाच वाट लांबवली होती,
इथवर तो कधी आलाच नव्हता.
"फॉरवर्ड," म्हणाला, पण विचारल्यासारखं.
आम्ही वल्हवत होतो आणि तीच तिवर
समोरून पुन्हा आमच्या शेजारी आली.
नारळाची एक झावळ आम्हाला ओलांडून गेली,
डोंगराकडे.

"बाये," तो हळूच म्हणाला, "उदक खंय वता?"

मी हात बुडवला. बोट चाटलं.
किंचित. भातात मीठ विसरल्यावर
वरून भुरभुरतात तेवढं.
"तासभर अजून चढेल. अमावास्या आलीय.
वल्ही वर घ्या. त्या चिपीला दोर बांधा."
त्यानं बांधला.
पुण्याच्या मुलानं विचारलं, आता काय करायचं?
काही नाही.

बाबा मानशेकार होते.
शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून
बांधातलं लाकडी दार सांभाळायचे.
घड्याळ नव्हतं. झोपेतून उठायचे, बरोब्बर,
कंदील घेऊन, आणि येताना शेवटो आणायचे, उड्या मारणारे.
मग एका वर्षी बांध फुटला. मग मी नोकरीला लागले.
फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिला: शेती.
मानस म्हणजे काय ते साहेबाला
समजावून सांगावं लागलं असतं.
तिथं आता बार्जी दुरुस्त करतात.

चिखलात खेकडे दारं उघडून बसले होते.
"आता?" पुरसो.
"नाही."
झावळ परत आली, थांबली,
बराच वेळ कुठंच गेली नाही.
"आता?"
दोर सैल पडला. मग दुसऱ्या बाजूनं ताणला गेला.
"आता," मी म्हटलं.

सोडण्याआधी त्यानंही बोट बुडवून चाटलं,
तोंड वाकडं केलं,
आणि थुंकला.