धक्क्यावरचा फळा

आचाओच्या धक्क्यावर
बोट आली की दोर बांधायचा, निघाली की सोडायचा,
एवढंच माझं काम.
लिहिण्याशी माझं घेणंदेणं नाही.
पण एलिसेओ कार्कामोचा फळा
माझ्या खुंटाच्या बरोबर समोर,
तेव्हा वाचायला मीही बांधलेलाच.

कंपनीचा हुकूम इतकाच:
बोट किती वाजता, वारा कुठला, उशीर किती.
खाली चार बोटं जागा उरायची.
ती त्या पोराला सलायची.

एका मंगळवारी तिथे त्याने लिहिलं:
‘समुद्र आज चांदीच्या स्वप्नासारखा.’
बटाट्याच्या पोत्यावर बसलेली रोसेन्दा म्हणाली,
चांदी इथं बघितलीय कुणी?
पण मान डोलावली,
आणि तिथेच घात झाला.

बुधवारी सोनं. गुरुवारी रेशीम.
महिन्याभरात त्याने समुद्राचं लग्न लावलं,
त्याला विधुर केलं, पुन्हा बोहल्यावर चढवलं.
लोक थांबत, हसत, पाठ थोपटत.
तो रोज लिही, आणि रोज वाईट लिही,
कालच्यापेक्षा आज जास्त सफाईने वाईट.
सरावाने हात बसतो, खरं आहे.
कशावर बसतो, ते सराव विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी लोक थांबेनासे झाले.
रोज मरे त्याला कोण रडे,
रोज लिही त्याला कोण वाची.

एकटी ओतिलियाबाई थांबायची,
पलीकडच्या बेटावरची मास्तरीण.
अंगठा जिभेला लावायची
आणि एक शब्द पुसायची. ‘अथांग.’
बोलायची नाही काही. बोटीत चढायची.
त्याने चिडून मोठ्या अक्षरात लिहिलं.
तिने मोठं पुसलं.
आम्ही कॉफीच्या पैजा लावल्या:
आज कुठला शब्द जाणार?
मी बहुतेकदा हरलो.

बाईंना मी एकदा विचारलं,
रोज लिहून माणूस सुधारतो का हो?
म्हणाल्या, तीस वर्षं रोज हजेरी लिहितेय,
अजून ती वाचून कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही.
मग पाण्याकडे बघत: एकदा सोडून.
पुढचं मी विचारलं नाही.

जूनमध्ये उत्तरेचा वारा सुटला त्या रात्री
संध्याकाळची बोट आली नाही.
रोसेन्दा होती तिच्यात, आणि बाई.
माणसं कंदील घेऊन फळ्यापाशी जमली,
जणू बोट समुद्रातून नाही, फळ्यातूनच येणार होती.
एलिसेओने लिहिलं, पुसलं,
लिहिलं, बाहीनेच पुसलं.
खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने:
‘बोट दिसत नाही. मी इथेच आहे.’

कुणी वाहवा केली नाही.
कुणी घरीही गेलं नाही.

साडेतीनला आली ती, इंजिन बंद, वल्ह्यांवर,
सगळी जिवंत, सगळी ओकून ओकून हिरवी.
त्या लाटेत न बघता मी गाठ मारली
आणि ती टिकली.
वीस वर्षांचा हात, म्हणतील लोक.
पण वेन्चूरचं बोट ज्या गाठीत गेलं
तीही याच हाताची, याच वीस वर्षांतली.
मग त्या एका ओळीचं श्रेय
आधीच्या हजार चांदी-सोन्याला द्यायचं
की अंगठ्याला, की त्या रात्रीला?
मला ठरवता येत नाही.

सकाळी फळ्यावर:
वेळ सात. वारा उत्तरेचा. उशीर नाही.
खालची चार बोटं रिकामी.
चार दिवस रिकामी.
मला करमेना, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी त्याने लिहिलं,
‘आज समुद्र’
आणि भोंगा झाला, तो तिकिटं फाडायला पळाला.
बाई आल्या. अंगठा ओला केला.
बराच वेळ उभ्या राहिल्या,
मग अंगठा कोटाला पुसला.
पाऊस भुरभुरत होताच, पुसायचं ते पुसेल.
मी दोर सोडला.