नग सातवा

वेंगुर्ल्याला, बंदरावरच्या बागेत
डिसेंबरचे दहा दिवस प्रदर्शन भरलं.
मुकादमाने माझ्या हातात वही दिली.
म्हणाला, धुरी, सगळं लिहून घ्यायचं,
येताना जसं, जाताना तसं.

मी लिहिलं:
नग पहिला, जांभ्याची गोगलगाय, एक शिंग टवकलेलं.
नग दुसरा, पोफळीच्या विऱ्यांचे बगळे, अकरा.
(मोजले तेव्हा बारा होते. एक खरा निघाला, उडाला.)
तिसरा ते सहावा, करवंट्या, शिंपले, सुरूची बोंडं,
नावं कठीण होती, मी आकार लिहिले.
नग सातवा, जाळं.

दोन सुरूंच्या मध्ये उभं टांगलेलं,
जुन्या रापणीचा तुकडा, मधोमध भोक,
माणूस वाकून पलीकडे जाईल एवढं.
बाई कोल्हापूरच्या, हिमानी पेंडसे.
पाटीवर त्यांनी एकच शब्द लिहिला होता, वाट.
चारच्या सुमारास ऊन त्या भोकातून उतरायचं,
वाळूवर लांबट चट्टा पडायचा
आणि पोरं त्यात उभी राहून फोटो काढायची.
सहलीतली एक मुलगी तर
चट्टा सरकेल तशी सरकत गेली
थेट घसरगुंडीपर्यंत.

चौथ्या दिवशी जनू गिरप आला.
ऐंशीच्या पुढचा, कमरेत वाकलेला.
बागेत तो रोजच येतो,
समुद्राकडे पाठ करून बसायला.
त्याने पाटी वाचली नाही.
आसात दोन बोटं घालून माप घेतलं,
दोरा दाताखाली धरून पाहिला, सुती.
मग मला विचारलं,
"ह्यां कोणी असा टांगल्यान?"
मी म्हणालो, कला आहे.
"कला असांदे. फाटलेला आसा."

पाचव्या दिवशी कुलूप काढायला गेलो
तर हा फाटकाशी उभा,
खिशात सुई, बगलेत दोऱ्याचं गुंडाळं.
हात लावू नये, असं माझ्या वहीत कुठेच नव्हतं.
ते पाटीवर होतं,
आणि पाट्या तो वाचत नव्हता.

मी उंडीच्या आळ्यांना पाणी सोडायला गेलो.
वेळ लागला. लागू दिला.
परत आलो तेव्हा भोक काठाकाठाने
आत येत होतं, तळी आटते तसं.
त्याचे हात असे थरथरतात
की चहा त्याला अर्धाच कप द्यावा लागतो.
पण सुई आसातून जाताना
थरथर कुठेतरी ठेवून यायचे ते हात.

चारला ऊन आलं
आणि सगळीकडे सारखंच पडलं.

बाई शनिवारी आल्या.
आधी चुकीच्या झाडांपाशी गेल्या, मग मागे फिरल्या.
"कोणी केलं हे?"
मी वही उघडली, उगाच.
बाकावरून जनू म्हणाला,
"भोकातसून मासो जाता गे बाय."
बाई म्हणाल्या,
"त्यासाठीच ठेवलं होतं."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
वाऱ्याने विऱ्यांचे बगळे खडखडत होते.
मग म्हातारा उठला, खिशातला चाकू उघडला,
नव्या दोऱ्याला टेकवला.
"गाठ सुटाची नाय. कापूक व्हयी."
बाईंनी त्याला थांबवलं नाही.
जवळ जाऊन बोटांनी शोधायला लागल्या
जुना दोरा नेमका कुठे संपतो,
आणि ते त्यांना सापडेना.
"कसं केलंत?" म्हणाल्या. "सावकाश दाखवा."
त्याने चाकू मिटला.

दहाव्या दिवशी टेम्पो आला.
गोगलगायीचं दुसरं शिंगही गेलेलं,
बगळे नऊ.
जाळं गुंडाळताना बाईंच्या तर्जनीला
चिकटपट्टी होती.
येताना जसं, जाताना तसं, मुकादम म्हणाला,
कर सही.
मी सातव्या नगाशी थांबलो,
स्थितीच्या रकान्यात लिहिलं,
एक भोक कमी,
आणि केली.