वांग्याच्या फुलाचा नंबर

शेडकार्डावर या रंगाला नाव नाही, नुसता आकडा आहे,
आणि आकडा घेऊन गिऱ्हाईक कधी येत नाही.
बामणोदची प्रमिला नेहेते आली ती
ओल्या रुमालात वांग्याचं एक फूल घेऊन.
काउंटरवर रुमाल उलगडला. "असा पाह्यजे मले."

ऑक्टोबरचं ऊन. फैजपुरात पोचेस्तोवर
फूल कडेनं तपकिरी झालेलं,
देठाशी तेवढं जरा जिवंत.
कुठला धरू, सकाळचा की आत्ताचा?
"तोडलं तव्हाचा, भाऊ."

वीस वर्षं डबे हलवतोय.
गडद जांभळा सोपा, आल्या आल्या खुर्ची मागतो.
हा फिकट मात्र चपला काढून दारातच उभा,
आधी कोण बसलंय ते बघत.
पिवळ्याशेजारी खुलतो,
हिरव्या दाराजवळ घरचाच होतो,
लालाजवळ नेला की आजारी दिसतो.
ट्यूबलाइटखाली राख.
आणि आमच्याकडच्या दुपारी तर नसतोच,
भिंत पांढरी आहे असं कोणीही शपथेवर सांगेल.
साडेपाचला परत येतो.
धंद्यात हे सांगू नये. मी सांगितलं.

"खोली कोणती?"
"खोली नाही. गिरनी."

मी हसलो. ती हसली नाही.
"दिवसभर मी पांढरी ऱ्हायते,
भुवयांपासून नखांपर्यंत.
मांगं उभं राहाले कायतरी रंगाचं लागते."

पांढऱ्या बेसात निळ्याचे तीन थेंब,
मजेंटाचा दीड. मशीन अर्धा थेंब देत नाही,
तो मी आगकाडीनं सोडला.
बोटावर घेतला, फुलाशेजारी धरला.
किंचित गडद. तिला कळलं नाही,
किंवा कळलं आणि चार लिटरचे पैसे मोजून
ती बसस्टँडकडे गेली.
फूल काउंटरवरच राहिलं.

दिवाळीनंतर उधारीच्या कामानं बामणोदला गेलो.
गिरणी चालू. पट्ट्याचा आवाज,
बाजरीचा गरम वास,
डबे घेऊन बसलेल्या दोन म्हाताऱ्या.
छताजवळ माझा रंग तसाच, किंचित गडद.
खाली, पीठ उडतं तिथं,
पोरंही न ओळखतील इतका हळू हळू
दोन शेड उतरलेला.
सकाळचं फूल. तंतोतंत.
मला न जमलेला तो अर्धा थेंब
बाजरीनं दुरुस्त केला होता.

"बिघडला का हो रंग?" तिनं विचारलं,
आणि मी नको नको म्हणेस्तोवर
भिंतीवरून पंजा फिरवून दाखवला:
पाच बोटं, माझ्या डब्यातली.