केशर एरंडोलकर यांची निवड

पहिल्या भागातला डायनासोर सायकलच्या ट्यूबांचा होता,
शेपटीत केळीची सोपटं भरलेली
आणि आत घामानं निथळणारा रमजान तडवी.
तापीच्या पुलाखाली तो तीनदा फाटला,
तरी चोपड्यापासून शिरपूरपर्यंत पोरांनी
मोबाईलवर तो इतका पाहिला
की आमचे निर्माते, ठिबकच्या नळ्या विकणारे सोपानशेठ, म्हणाले:
दुसरा काढा.
यंदा खरा. कंप्युटरमधला.
जळगावला एक पोरगा आहे, तो नंतर टाकून देईल.

फक्त एक म्हातारी हवी होती.
पटकथेत तिची एकच ओळ:
आजी, बाजेवर. किंचाळते. खाल्ली जाते.
हर्षल म्हणाला, कोणीही चालेल, माझी मामीसुद्धा.
पण आवाज घेणाऱ्या पितांबरदादांनी
माईकची वायर गुंडाळता गुंडाळता एक नाव घेतलं,
आणि मग फैजपूर येईपर्यंत
ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

एरंडोलला, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानामागं एक खोली.
उंबऱ्यावर तांब्याच्या तारेचे गुंते.
केशरबाई कळण्याची भाकरी कुस्करत होत्या.
वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांना रबरी पट्टे,
नाकात मोरणीचं भोक. मोरणी नाही.
आम्ही अख्खी गोष्ट सांगितली,
त्यांचं चावणं काही थांबलं नाही.
"मी पहिलेच मरी जास का?"
सातव्या मिनिटाला, हर्षल म्हणाला.
"आनि तो? नर शे का मादी?"
आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.
दोन महिने लिहीत होतो,
हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चाचणी गिरणेच्या कोरड्या पात्रात.
बांबू माझ्याकडे. वीस फुटी,
टोकाला लाल फडकं: हे डायनासोरचं डोकं.
तिकडं बघायचं, बाई, आणि ओरडायचं.
त्यांनी वर पाहिलं,
मांडवातलं झुंबर बघावं तसं.
"खाले ली ये."
मी आणला.
"आखो."
आखो, आखो, करता करता फडकं
माझ्याच तोंडापुढं येऊन लोंबायला लागलं.

मग बांबूलाच सांगितल्यासारखं त्या बोलल्या:
सारंगखेड्याच्या जत्रेत एकदा जनरेटर बसला,
गिरकी अर्धी राहिली.
समोर चार हजार माणूस, दिसत एकही नव्हता.
नुसता श्वास. नुसती बिड्यांची टोकं.
ओरडले असते तर स्टेजवर चढले असते.
मी विचारलं, जेवनात का रे?

हर्षलनं कॅमेरा सुरू केला.
बाईंनी पदर सारखा केला,
बाजेच्या सुंभावरून एकदा हात फिरवला
आणि पाहिलं.
माझ्याकडं नाही, फडक्याकडंही नाही.
आमच्या दोघांच्या मध्ये कुठंतरी
काहीतरी येऊन थांबलं होतं,
त्याच्याकडं.
ओठ हलले, आवाज पितांबरदादांच्या कानालाच लागला असेल:
"जेवना का?"

रमजान तडवी, जो स्वतः एकेकाळी डायनासोर होता,
दोन पावलं मागं सरला.
मी वळून बघितलं. वाळू. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या.
एक टिटवी उगाच उडाली.
कट म्हणायचं हर्षलच्या लक्षातच राहिलं नाही.

रात्री जळगावच्या पोराचा फोन:
दादा, किती मोठा टाकू? पंधरा फूट? तीस?
हर्षल तो तुकडा नवव्यांदा बघत होता.
म्हणाला, थांब. अजून काही टाकू नको.

मानधन ठरलं पाच हजार,
जायची-यायची रिक्षा, आणि गुडघ्यांना नवे पट्टे.
अंगठा नाही, सही केली,
शेवटच्या रवर पेन क्षणभर टेकवून.
पायरी उतरताना आम्हाला मागून ऐकू आलं:
"मादी शे ती. दोन दिनपाईन उपाशी."